देवांचा काला

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात जुळे सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





आज तुम्हाला एका देवाची ओळख करून द्यायची आहे. त्याच्या डोक्यावर धान्य मोजायचं माप आहे. आपल्याकडं पायली, अधोली असायची ना, तसलं. भरघोस दाढी, सिंहासनावर बसलेला, आणि पायाशी तीन तोंडांचा कुत्रा. कुत्रा म्हटल्याबरोबर तुम्हाला खंडोबा आठवला असेल, दत्तमहाराज आठवले असतील. पण हा देव आपल्याकडचा नाही. मिसर देशातला, म्हणजे इजिप्तमधला. आणि नुसता इजिप्तचाही नाही. निम्मा इजिप्तचा, निम्मा ग्रीकांचा. त्याचं नाव सेरापिस.

दिंडीच्या शताब्दीत हा पाहुणा कशाला आणला, असं काही जणांच्या मनात आलं असेल. त्याला दोन कारणं आहेत. एक, आपल्यातली शिकलेली पोरं अलीकडं विचारायला लागलीत, "विठ्ठल मूळचा कुणाचा?" मोबाईलवर त्यांना रोज नवं उत्तर येतं. कुणी म्हणतं शैवांचा, कुणी म्हणतं धनगरांचा, कुणी बौद्धांचा, कुणी जैनांचा, कुणी कानडी मुलखातला. पोरं गोंधळतात आणि थोरं चिडतात. दुसरं कारण म्हणजे शताब्दीनिमित्त आपण जी नियमावली छापणार आहोत, तिच्या मसुद्यातलं एक कलम. त्यावर शेवटी बोलतो. आधी पाहुण्याची गोष्ट.

ग्रीकांचा राजा शिकंदर, ज्याला जग अलेक्झांडर म्हणतं, तो इ.स.पू. 332 मध्ये इजिप्तमध्ये शिरला. तिथल्या लोकांचे देव जुने, हजारो वर्षांचे. कुणाचं तोंड बहिरी ससाण्याचं, कुणाचं कोल्ह्याचं, कुणाचं मेंढ्याचं. ग्रीकांचे देव माणसासारखे, देखणे, पिळदार. पण ग्रीकांना एक सवय होती. परक्या मुलखात गेले की तिथल्या देवाकडं बघून म्हणायचे, हा तर आमचाच अमका. इजिप्तचा आमोन बघितला, म्हणाले हा आमचा झ्यूस. शिकंदर वाळवंट तुडवत सिवा नावाच्या ठिकाणी गेला, आमोनाचा कौल घेतला, आणि पुढं नाण्यांवर त्याच्या चित्राला मेंढ्याची शिंगं आली. आपला माणूस श्रीशैलला गेला की म्हणतो, हा आमचा मल्लय्या. तिरुपतीला गेला की म्हणतो, हा आमचा बालाजी म्हणजे विठोबाचाच भाऊ. तशीच ही गत.

शिकंदर गेल्यावर त्याचा सरदार टॉलेमी तिथला राजा झाला. राज्य इजिप्शियन लोकांचं, राजा आणि फौज ग्रीक. मेंफिस नावाच्या जुन्या शहरात एक पवित्र बैल असायचा, आपिस. काळा, अंगावर ठरावीक खुणा असलेला. तो मेला की त्याचा ओसिरिस होतो, म्हणजे मृतांच्या देवात मिळून जातो, अशी श्रद्धा. ओसिरिस आणि आपिस, दोन्ही मिळून ओसोरापिस, आणि त्याचं ग्रीक तोंडात झालं सेरापिस. नाव इजिप्तचं ठेवलं, रूप मात्र ग्रीक दिलं. जुने ग्रंथकार सांगतात, राजाला स्वप्न पडलं आणि मूर्ती समुद्रापलीकडून सिनोपे गावाहून आणली. आणि देवाची ओळख पटवायला एक ग्रीक पुरोहित आणि एक इजिप्शियन पुरोहित, टिमोथियस आणि मनेथो, दोघांना बसवलं. अलेक्झांड्रिया शहरात त्याचं मोठं देऊळ झालं. त्याच्या पायात पुरलेले सोन्याचांदीचे पत्रे उत्खननात सापडलेत. त्यांच्यावर मजकूर दोन लिप्यांत आहे, ग्रीक आणि इजिप्तची चित्रलिपी. आपल्या पंढरपूरच्या देवळातला 1237 सालचा होयसळ राजा सोमेश्वराचा लेख संस्कृत आणि कानडीत आहे, त्याची इथं आठवण होते. विठ्ठलाच्या नैवेद्यासाठी गाव दिल्याचा तो लेख.

सेरापिसची राणी इसिस. तिची भक्ती तर समुद्र ओलांडून रोमपर्यंत गेली. तिचे भक्त हातात धातूचं एक वाद्य घेऊन मिरवणुकीत चालायचे, हलवलं की त्यातल्या सळया खणखणायच्या. टाळच म्हणा ना.

आता कुणी म्हणेल, हे सगळं सातासमुद्रापलीकडचं. तसं नाही. गोरोबाकाकांचं तेर कुणाला माहीत नाही? धाराशिवजवळ, तेरणेच्या काठी. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तिथं दर्शन घेतलंय. त्या तेरचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रमार्गाची एक पोथी लिहिली, 'पेरिप्लस' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात तगर आहे! भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून जाडंभरडं कापड पुष्कळ येतं, तलम कापडही येतं, आणि ते वाट नसलेल्या रानातून गाड्यांवर घालून बंदराला नेतात, असं त्यानं लिहिलंय. म्हणजे कापडाचा धंदा आपल्या भागात सोलापुरी चादरीपासून सुरू झालेला नाही. तेरच्या संग्रहालयात, रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंमध्ये, रोमन व्यापाराच्या खुणा बघायला मिळतात. गोरोबाकाकांच्या आधी हजारभर वर्षं तेरच्या मातीला परदेशी माणसाची ओळख होती.

ते कापड जहाजातून जिथं उतरायचं, त्यांतलं एक बंदर म्हणजे तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके. तिथं अलीकडं उत्खनन झालंय. इसिसच्या देवळात काय मिळालं? 2022 मध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. संस्कृत लेख मिळाला. सातवाहनांची नाणी मिळाली, म्हणजे आपल्या पैठणच्या राजांची. आणि एका लहान शिल्पात वासुदेव, बलराम आणि त्यांची बहीण एकानंशा. आपल्याकडचे व्यापारी तिकडं मुक्कामाला राहिले, त्यांनी आपले देव इसिसच्या दारात नेऊन ठेवले, आणि तिथल्या पुजाऱ्यांनी ठेवू दिले. मला यात सगळ्यात जास्त कौतुक त्या पुजाऱ्यांचं वाटतं.

उलट दिशेचंही ऐका. मध्य प्रदेशात विदिशेला एक दगडी खांब आहे. तक्षशिलेचा हेलिओडोरस नावाचा ग्रीक माणूस राजदूत म्हणून तिथल्या राजाकडं आला होता. त्यानं देवदेव वासुदेवाचा गरुडध्वज उभा केला आणि त्या खांबावर स्वतःला 'भागवत' म्हणवून घेतलं. दोन हजार वर्षांहून जास्त काळ झाला. आपण ज्याला भागवत धर्म म्हणतो, त्याच्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक एका यवनाचा आहे. आपल्या जुन्नरजवळच्या नाणेघाटात नागनिका राणीच्या लेखात संकर्षण-वासुदेवांना वंदन आहे, तेही साधारण त्या पुढच्याच काळातलं. आणि कुषाण राजांची नाणी बघा. कनिष्काच्या नाण्यावर शिवाचं रूप आहे, बुद्ध आहे, इराणी देव आहेत. त्याच्या मागून आलेल्या हुविष्काच्या नाण्यावर तर खुद्द आपला पाहुणा, सेरापिस आहे. एवढ्या लांबून चालत तो हिंदुस्थानच्या वेशीपर्यंत आला.

आता आपल्या घरात येऊ.

सेरापिसच्या डोक्यावर माप, तसं आपल्या विठ्ठलाच्या मस्तकावर काय आहे? आपण त्याला शिवलिंग मानतो. संतांनी तसं सांगितलं, आपल्या आज्यापणज्यांनी ते ऐकलं. विष्णूनं महादेवाला डोक्यावर घेतलं, म्हणून मळवट पुसायचं कारण उरलं नाही. 'पांडुरंग' या नावाचंच बघा. पांडुरंग म्हणजे पांढऱ्या अंगाचा, आणि आपला देव तर काळासावळा! पांडुरंग हे शिवाचं नाव असल्याकडं रा. गो. भांडारकरांनी लक्ष वेधलं, त्यालाही शंभर वर्षं झाली. चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाच्या देवळात पितळी मुखवटा आहे आणि त्याच्या खाली शिवलिंग आहे. तिथली पूजा महादेव कोळ्यांकडं. विठ्ठलाच्या आधी पुंडलिक, म्हणजे वैष्णवाला पहिलं डोकं टेकवावं लागतं ते पिंडीपुढं. आणि ज्ञानोबारायांची गुरुपरंपरा कुठून येते? आदिनाथापासून. आदिनाथ म्हणजे शंकर. तिथून मत्स्येंद्र, गोरख, गहिनी, निवृत्ती. गुरू शैव, उपास्य विठ्ठल. आपला संप्रदाय उभाच या दोन पायांवर आहे.

नरहरी सोनारांची कथा तुम्ही कीर्तनात शंभर वेळा ऐकली असेल. कट्टर शिवभक्त. पंढरपुरात राहून विठ्ठलाचं तोंड बघायचं नाही असा नेम. सावकारानं देवाचा करगोटा घडवायला सांगितला. माप आणून दिलं, घडवला, आखूड झाला. पुन्हा घडवला, सैल झाला. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून गेले. हाताला व्याघ्रचर्म लागलं, गळ्यात साप लागला. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पट्टी बांधली तर पुन्हा महादेव. या कथेत मला एक बारीक गोष्ट दिसते, कीर्तनकार घाईत ती सोडून जातात. नरहरींना कुणी "शिव सोड" म्हणालं नाही. हात म्हणाले शिव, डोळे म्हणाले विठ्ठल, आणि माणूस एकच. मग करगोटा बरोबर बसला.

आपल्या लोकांनी देव जोडायची आणखी एक युक्ती काढली, सोयरिकीची. बाळ्याच्या खंडोबाला आपण जातो. खंडोबाची म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. शिवाय शिंपीण, माळीण, तेलीण, अशा पाच बायका सांगतात. मुसलमान भाविक त्याला मल्लूखान म्हणायचे. जितक्या जाती तितक्या सोयरिकी. प्रत्येकाला वाटावं, देव आमचा जावई. आता जावयाला घराबाहेर कोण ठेवील? आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतही अक्षता पडतात त्या कुंभारकन्येच्या आणि सिद्धरामांच्या योगदंडाच्या विवाहाच्या. सात नंदीध्वज निघतात, ते वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे, मातंग समाजापर्यंत. त्या दिवशी आपली निम्मी दिंडी पांढरी बाराबंदी घालून "हर्रऽ बोला हर्र" म्हणत तळ्याकाठी उभी असते, हे मी दरवर्षी बघतो. आषाढीला तीच माणसं टाळ घेऊन तिऱ्ह्याची वाट धरतात. माचणूरला आपण टेकतो, तिथंही भीमेच्या काठी सिद्धेश्वरच. दिंडी विठ्ठलाची आणि विसावा महादेवाच्या पायरीशी.

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 1984 मध्ये 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ लिहिला. गवळी-धनगरांच्या देवापासून विठ्ठलाचा माग त्यांनी काढला, कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाचं नातं दाखवलं, कानडी मुलूख, आंध्र, सगळं पिंजून काढलं. पोरांनो, मोबाईलवरच्या निरोपापेक्षा हा ग्रंथ वाचा. जाड आहे, पण एका चातुर्मासात होतो. त्यात तुमच्या प्रश्नाचा शोध आहे. आणि थोरल्यांनो, तुम्ही चिडू नका. देव धनगरांकडून आला म्हटलं तर आपलं काय गेलं? पंढरीची वाट मेंढरांनी पाडली असेल तर तीच मेंढरं तुकोबांच्या वाटेवर आजही पालखीभोवती रिंगण धरतात.

'मूळचा कुणाचा' या प्रश्नाला माझा विरोध नाही. अभ्यासकानं तो विचारावाच. माझी भीती वेगळी आहे. मूळ सापडलं की माणूस लगेच मालकी सांगायला लागतो. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला आपण काला करतो. कुणाच्या लाह्या, कुणाचं दही, कुणाचे पोहे, कुणाचं लोणचं. एकमेकांच्या तोंडात घास घालतो. त्या वेळी लाही लाहीच राहते, ओळखू येते, दाताखाली कुरकुरते. पण "ह्या लाह्या माझ्या घरच्या, बाजूला काढा" असं म्हणून बघा बरं.

आता गोष्टीचा कडू भाग. सेरापिसमध्ये ग्रीक आणि इजिप्शियन देव एक झाले. माणसं झाली का? नाही झाली. टॉलेमींच्या राज्यात ग्रीकांसाठी न्यायालयं वेगळी आणि इजिप्शियन रयतेसाठी वेगळी. अलेक्झांड्रियाचं नागरिकत्व ग्रीकांच्या हातात. देव एक, पंगती दोन. पुढं रोमन आले. रोमचा बादशहा कॅराकॅला स्वतःला सेरापिसचा भक्त म्हणवून घ्यायचा. इ.स. 215 मध्ये त्यानंच हुकूम काढला की खेड्यांतून पळून आलेल्या इजिप्शियन माणसांना अलेक्झांड्रियातून हाकलून द्या. तो हुकूम एका पपायरसवर आजही वाचता येतो. सूट कुणाला? डुकरांच्या व्यापाऱ्यांना, नदीतल्या नावाड्यांना, हमामखान्यांना जळणाचे बोरू पुरवणाऱ्यांना. आणि पुढं लिहिलंय, सेरापिसच्या सणाला बळीचे बैल घेऊन येणाऱ्या इजिप्शियनांना अडवू नका. म्हणजे बैल घेऊन या, सण साजरा करा, आणि परत जा. ज्या आपिस बैलातून तो देव झाला, त्या बैलाच्या मुलखातल्या माणसाला देवाच्या गावात राहायची बंदी! इ.स. 391 च्या सुमाराला ते देऊळ पाडलं गेलं, मूर्तीवर कुऱ्हाड पडली. सातशे वर्षांचा देव गेला.

मंडळी, त्या बादशहाला हसण्याआधी आपण मंगळवेढ्याला थांबू. वाटेवरच आहे. गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा तिथं गेले, 1338 साली. नामदेवरायांनी अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी केली. महाद्वारासमोर, बाहेर. विष्णूनं महादेवाला डोक्यावर घेतलेल्या त्या देवळात चोखोबांच्या लोकांना पाय ठेवायला 1947 साल उजाडलं. 1 मे ते 10 मे साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, तेव्हा दार उघडलं. सहाशे वर्षं हरि-हर आत एकत्र नांदत होते आणि माणूस पायरीवर. देव जोडणं आपल्याला छान जमलं. आपली जीभ तिथं फार गोड आहे. माणसाशी गाठ पडली की हात आखडतो.

आपल्या दिंडीतही, जुनी माणसं सांगतात, एके काळी मुक्कामाला पंगती दोन पडायच्या आणि पाण्याची घागर वेगळी असायची. मग गिरण्या बंद पडल्या, माणसं गावठाण आणि चाळी सोडून इकडं जुळे सोलापुरात प्लॉटवर, अपार्टमेंटमध्ये आली, आणि भिशी भरणाऱ्यांत मराठी, कानडी, तेलुगू सगळे मिसळले. आज एकच पंगत बसते. एका पद्मशाली बाईच्या हातची आंबटचुका घातलेली डाळ बसल्या बसल्या तीन वाट्या पिणारे ब्राह्मण टाळकरी मला माहीत आहेत. नाव सांगत नाही, समोरच बसलेत.

म्हणून आता त्या कलमाबद्दल. मसुद्यात असं लिहिलंय की दिंडीत चालणाऱ्याच्या कपाळी गोपीचंदन-बुक्क्याशिवाय दुसरं काही नसावं आणि गळ्यात तुळशीच्या माळेशिवाय दुसरं काही नसावं. लिहिणाऱ्याचा हेतू शिस्तीचा आहे, मला मान्य आहे. शिस्त नसती तर दिंडी शंभर वर्षं चाललीच नसती. एकादशी, हरिपाठ, निर्व्यसनीपणा, चालीतला टाळ, यात तडजोड नको. पण हे कलम छापलं तर उद्या काय होईल? गळ्यात इष्टलिंग असलेले आपले अप्पा, जे माझ्या आठवणीत चाळीस वर्षं पखवाज वाजवतायत, ते पहिल्या मुक्कामाला बाहेर. भस्म लावणारे बाहेर. कपाळाला भंडारा माखून येणारे धनगर मामा बाहेर, ज्यांच्या ट्रॅक्टरवर आपलं सगळं सामान जातं. मग कुणीतरी दयाळूपणानं पोटकलम घालील: ट्रॅक्टरवाले आणि पखवाजवाले यांना सूट. नावाड्यांना सूट, बोरू आणणाऱ्यांना सूट.

माझी सूचना एवढीच. ते कलम काढावं. त्या जागी लिहावं की तुळशीची माळ आणि हरिपाठ सगळ्यांना सक्तीचा. त्याखेरीज कपाळी-गळ्यात घरच्या देवाची जी खूण असेल ती असू द्यावी. पंगत एकच राहील. आणि वीणा पाळीनं फिरेल, तिच्यासाठी घर, भाषा किंवा बाई-पुरुष बघितलं जाणार नाही. शेवटच्या ओळीवर कुजबुज होणार, ती ऐकू येतेय मला. होऊ दे. रविवारच्या बैठकीत मसुदा पुन्हा वाचला जाणार आहे. ज्यांना हरकत असेल त्यांनी तिथं उभं राहून बोलावं, मागं बोलू नये. अप्पांनाही बोलावलंय. त्यांनी पखवाज घेऊन यावं, बैठक लांबली तर निदान भजन तरी होईल.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.